आजार बरा होतोय, पण घरात सांगायचं काय?

वेलदोडा (धागाकर्ती)

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आयडी जुनाच आहे, गावाचं नाव मात्र मुद्दाम देत नाही. सातारा जिल्हा, एवढं पुरे.

गणपतीत गावी गेलो होतो. माझ्या सासूबाई (आम्ही आत्या म्हणतो) चुलीपुढं भाकऱ्या करत होत्या. तवा खाली उतरवला, परातीत पुढचा गोळा घेतला, आणि मला दिसलं की उजव्या हाताच्या करंगळीखाली हा एवढा फोड आलाय. म्हटलं, आत्या, कधी भाजलं? तर म्हणाल्या, "कुठं काय?" मग फोडाकडं बघितलं आणि हात पदराखाली घेतला. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं होतं. कोपराच्या खाली एक फिकट चट्टा दोन वर्षांपासून होता. खाज नाही, दुखणं नाही, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

आशाताईंनी (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीनं) बघितलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. कुष्ठरोग. बारा महिन्यांच्या गोळ्या आहेत, तिसरं पाकीट चालू आहे. औषध फुकट मिळतं, डॉक्टर चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. आत्यांनी स्वतःचं ताट, तांब्या आणि कप वेगळा काढलाय. कोणी सांगितलं नव्हतं. कप विसळून पडवीच्या खिडकीत उपडा घालतात आणि झोपतातही पडवीतच. माझा चार वर्षांचा मुलगा जवळ गेला की म्हणतात, "लांब हो, हात खरकटं हाय." गावात सांगायचं ते "अंगावर अ‍ॅलर्जी उठलीय".

त्यात धाकट्या दिराचं लग्न मार्गशीर्षात आहे. मुलीकडच्यांना सांगायचं का? नवरा म्हणतो, उगाच कशाला. दिरालाही फक्त "कातडीचं काहीतरी" एवढंच माहीत आहे. तुम्ही काय केलं असतं?

जास्वंद

आधी तुम्हाला एक घट्ट मिठी. फोड तुमच्या नजरेला पडला हे फार बरं झालं. बाकी जाणकार लिहितीलच.

खवचट_आजोबा

सांगू नका. कारण सांगतो.

१९७८ सालची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीच्या पाठीवर रुपयाएवढा पांढरा डाग होता. कोड. ना सांसर्गिक, ना दुखरं, चोळीखाली झाकलेलं. वडील तत्त्वाचे. म्हणाले, सोयरीक खोट्यावर उभी करायची नाही. साखरपुड्याच्या आधी मुलाच्या वडिलांना बैठकीत बोलावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा प्यायले, वडिलांच्या सचोटीचं कौतुकही केलं. चार दिवसांनी पत्र आलं की मुलाचा विचार पुढं शिकायचा आहे. त्यानंतर तीन ठिकाणांहून हेच झालं, कारण बातमी आमच्या आधी पोचलेली असायची. बहीण शाळेत शिकवत राहिली, तीस वर्षं. आता म्हणते, बरं झालं सुटले. पण ती हे आता म्हणते.

त्या सचोटीचं बिल वडिलांना नाही आलं. बहिणीला आलं.

नवी_सून

आजोबा, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं. तरीही असहमत.

माझ्या नवऱ्याला फिट येतात. लग्नाआधी कोणी सांगितलं नाही. गोळ्या रोज घ्यायचा, विचारलं की व्हिटॅमिनच्या. सात महिन्यांनी एका पहाटे मी त्याला बाथरूमच्या दाराशी पडलेला बघितला. मला काहीच माहीत नव्हतं. मी आरडाओरडा केला तर सासूबाई धावत आल्या आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या? "ओरडू नको, शेजारी ऐकतील." मग त्यांनी सराईतपणे त्याला कुशीवर वळवलं. त्या सराईतपणाचा मला जास्त राग आला. घरातल्या चिंटूपासून सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

फिटचं मला काही वाटत नाही, गोळ्यांवर तो छान आहे. पण मला येडं बनवलं हे अजून जात नाही. आठ वर्षं झाली.

टवाळखोर

मी चटई टाकून बसलोय. दोन्ही बाजू इतक्या बरोबर आहेत की भांडायची मजाच गेली.

साधा_डॉक्टर

त्वचारोग हाच माझा विषय असल्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

वेलदोडाताई, तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग आपोआप सुटलेला आहे, तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. रुग्ण सापडला की घरातल्या आणि निकटच्या सगळ्यांची तपासणी करायची असते, आणि ज्यांना लक्षणं नाहीत त्यांना रिफाम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस दिला जातो. तुमचे दीर त्याच घरात वाढले आणि राहतात. हा जंतू फार संथ. शरीरात शिरल्यापासून खुणा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. म्हणजे दिरांना तपासायला हवं, आणि तपासायचं तर सांगायला हवं. "कातडीचं काहीतरी" म्हणून चालणार नाही. मुलीकडच्यांचं नंतर बघा.

दुसरं. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूशी लढायची ताकद उपजतच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात लागण होऊ शकते, आणि औषध सुरू झालं की संसर्गाची शक्यता पहिल्या डोसांतच जवळजवळ संपते. आत्यांचं तिसरं पाकीट चालू आहे ना? मग त्या पडवीतल्या कपाला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. नातवाला खुशाल मांडीवर घेऊ द्या.

तिसरं, आणि हे नीट लक्षात ठेवा. उपचार चालू असताना चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराच्या आतल्या बाजूची नस दुखू लागली, हाताची ताकद कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ती 'रिअ‍ॅक्शन' असते. वेळेत औषध दिलं तर नस वाचते. "गोळ्या बाधल्या" म्हणून गोळ्या बंद करणारे मी फार बघितलेत.

वेलदोडा

डॉक्टर, खूप आभार. दिराचं असं डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारू? आत्यांचा चेहरा काळवंडायला लागलाय. शेजारच्या काकू रोज विचारतात, "काय गं, अशी काय काजळी धरली?"

साधा_डॉक्टर

क्लोफाझिमिन. तीन औषधांपैकी एक. कातडीत साठतं, रंग गडद होतो, कोर्स संपल्यावर हळूहळू उतरतो. रिफाम्पिसिन घेतल्या दिवशी लघवी लालसर होते, तेही सांगून ठेवा, नाहीतर रक्त समजून घाबरतात. आजार लपवायला बघावं तर औषधच चुगली करतं. गोऱ्या बाया तर याच कारणासाठी कोर्स सोडतात.

चट्टेवाला

हा धागा बघून तीन वर्षांनी लॉगिन केलं. मी आरोग्य खात्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. आयडीचं कारण गावागावांत पोरं मागून ओरडायची, "चट्टेवाला आला, चट्टेवाला आला."

नोकरीत शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे गाडी कुठं लावायची. रुग्णाच्या दारात मोटारसायकल लावली की संध्याकाळपर्यंत त्या घराचं दूध बंद. म्हणून मी गाडी मारुतीच्या देवळापाशी लावायचो आणि चार घरं उगाच फिरायचो. एकीकडं पाणी प्यायचो, दुसरीकडं म्हातारबाबांचं ब्लडप्रेशर विचारायचो, मग तिसऱ्या घरात जे काम आहे ते. पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून.

तपासायचं कसं? डोळे मिटायला सांगायचे आणि कापसाच्या वातीनं किंवा बॉलपेनच्या टोकानं हलकं टेकवायचं. जिथं लागलं तिथं बोट ठेवा म्हणायचं. चांगल्या कातडीवर बोट बरोबर पडतं. चट्ट्यावर टेकवलं की माणूस डोळे मिटून नुसता बसून राहतो, कधी टेकवताय म्हणून वाट बघत. ते वाट बघणं मला अजून आठवतं.

बायांचे चट्टे पाठीवर, मांडीवर असले तर पुरुष माणसाला दाखवणार कोण? कितीतरी केसेस तशाच राहिल्या. आशाताई आल्या तेव्हापासून फरक पडला. मला वीस वर्षांत न दिसलेले चट्टे त्यांना दाराआड पाच मिनिटांत दिसले.

शब्दवेडा

अवांतर, पण अगदी अवांतर नाही. या आजाराची मराठीतली नावं बघा. महारोग. रक्तपिती. गलितकुष्ठ. 'महा' लावलेला दुसरा रोग सांगा. कॉलरा पटकीच राहिला, प्लेगाच्या गाठीच राहिल्या, दोघांनी गावंच्या गावं उठवली तरी त्यांना 'महा' नाही मिळालं. खवचट_आजोबांनी लिहिलेलं 'कोड' हाही 'कुष्ठ' शब्दाचाच घासून उरलेला तुकडा. संस्कृतात कुष्ठ म्हणजे कातडीच्या अनेक विकारांचं एकच गाठोडं होतं. म्हणजे आजोबांच्या बहिणीनं एका निरुपद्रवी डागासाठी भलत्याच आजाराचा दंड भरला, निव्वळ शब्दांच्या भाऊबंदकीमुळे.

अति-अवांतर: वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० चं. मुंबईचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. अ‍ॅक्वर्थ यांनी रस्त्यावरच्या रुग्णांना ठेवण्यासाठी सुरू केलं. हेच अ‍ॅक्वर्थसाहेब शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापतात. आपले पोवाडे ज्यानं जपले त्यानंच आपले रुग्ण भिंतीआड नेले. काय म्हणावं सुचत नाही.

टवाळखोर

शाहिराला म्हणावं, यावर एक पोवाडा होऊन जाऊ दे.

कोकणी_मेवा

शब्दवेडा, देवीचं विसरलात. आजी सांगायची, घरात देवी आल्या की त्या पोराला 'आजारी' म्हणायचं नाही. माय आलीय म्हणायचं. कडुनिंबाचे डहाळे दाराला, घरात फोडणी नाही, भांडण नाही, बाहेरचं माणूस आत नाही. पोराला शिवी द्यायची नाही कारण अंगात देवी आहे. आणि हा रोग तर मारायचा, आंधळं करायचा. तरी त्याला चोळी-नारळ, आणि कुष्ठाला पूर्वजन्मीचं पाप. असं का झालं असेल?

शब्दवेडा

माझा अंदाज असा. देवी पंधरा-वीस दिवसांत एकतर माणूस घेऊन जायची किंवा वण ठेवून निघून जायची. पाहुणी होती, पाहुणीची ओटी भरता येते. कुष्ठ घरजावयासारखं मुक्कामाला यायचं आणि चेहरा, बोटं सगळ्यांसमक्ष बदलत न्यायचं. मरण नाही आणि सुटकाही नाही, अशा गोष्टीला कारण लागतं. पुराणातला सांब आठवा, कृष्णाचा मुलगा, शापानं कुष्ठी झालेला. देवाच्या पोरालाही शापाशिवाय हा रोग होत नाही म्हटल्यावर आपली काय कथा.

आणि देवीला देवी मानूनही लोकांनी शेवटी लस घेतलीच की. लस टोचणाऱ्याला गावानं नाव दिलं 'देवी डॉक्टर'. १९७५ मध्ये भारतातली शेवटची लागण झाली, देवी गेल्या, शब्द राहिला.

वर्धेकर

आमच्या इकडचं सांगतो. कुष्ठकार्याचा नकाशा काढला तर अर्धा विदर्भातच येते. दत्तपूरला मनोहरजी दिवाण १९३६ पासून, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याले बाबा आमटे. सेवाग्रामात परचुरेशास्त्र्यांची कुटी हाये. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसोबत होते, रोग झाल्यावर आश्रमात आले. गांधीजी सोता त्यांचं अंग चोळून देत. म्हणूनच आपल्याकडं ३० जानेवारीले कुष्ठरोग निवारण दिन पाळतात.

शाळेची सहल आनंदवनात गेली होती, मी सातवीत. जेवायच्या वेळी आमच्यातल्या अर्ध्या पोरांनी घरून आणलेले डबे काढले. आईनं बजावून पाठवलं होतं, तिथलं खाऊ नको. वाढणाऱ्या काकांच्या हाताले बोटं अर्धीच होती, मनगटाले पळी पट्ट्यानं बांधली होती. मी पान घेऊन बसलो, पण भात गिळवला नाही. काका काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या पानावर गेले. आज पन्नाशीत हाओ, अजून तो भात आठवते.

खवचट_आजोबा

आनंदवनाबद्दल आदर आहेच. बाबांनी स्वतः कबूल केलंय की तुळशीराम नावाचा रुग्ण गटारीकाठी बघून ते घाबरून पळाले होते, आणि त्या भीतीचीच लाज वाटून काम उभं राहिलं. पण एक विचारतो. एवढं गाव वसवावं लागलं, शेती, कारखाने, शाळा, कॉलेज सगळं आत, याचा अर्थ काय? बाहेरच्या वरोऱ्यानं त्यांना परत घेतलं नाही. आपण तिथं जाऊन ऑर्केस्ट्रा ऐकून, सतरंज्या विकत घेऊन डोळे पुसत येतो. बऱ्या झालेल्या माणसाला घरी न्यायला किती जण जातात?

वर्धेकर

आजोबा, हे बोलणं सोपं हाये. १९४९ साली गुणकारी औषध नुकतंच येऊन राहिलं होतं. घरच्यांनी काढून दिलेला मानूस काय रस्त्यावर ठेवायचा होता? सुरुवातीले तिथली भाजी बाजारात कोनी घेत नव्हतं म्हणतात. आता आजूबाजूची धडधाकट पोरं त्यांच्याच कॉलेजात शिकाले जातात. घरी परत जाता नाही आलं तर गावच आपल्याकडं ओढलं त्यांनी.

चट्टेवाला

दोघंही बरोबर आहात असं म्हणून मी सुटून घेतो. एवढंच सांगतो, तीन औषधांची एकत्र पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ मध्ये सुचवली. त्याआधी नुसत्या डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं, काहींना जन्मभर. त्या काळात वसाहत लागायचीच. आता सहा किंवा बारा महिन्यांत घरी राहून माणूस बरा होतो. आता वसाहत लागली तर तो आपला दोष.

आणि बोटं 'झडत' नाहीत हो. नस मेली की चटका, काटा, दगड काहीच कळत नाही. जखम होते, चिघळते, परत होते, आतलं हाड झिजत जातं. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांना आढळलं होतं की काही रुग्णांची बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडून नेत. त्यांनी रुग्णांना मांजरं पाळायला दिली.

जास्वंद

बाप रे. हे वाचून उठून पाणी प्यायले.

बर्गनकर

मी गेली सहा वर्षं नॉर्वेत बर्गनला आहे. इथं सेंट यॉर्गेन नावाचं जुनं लाकडी कुष्ठरुग्णालय आहे, आता संग्रहालय. मधे मोठा दिवाणखाना, सभोवती दोन मजल्यांवर खुराड्याएवढ्या खोल्या, एकेकीत दोन-दोन माणसं. शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये तिथंच गेले. हा 'गरम देशांचा, घाणेरड्या लोकांचा रोग' म्हणणाऱ्यांना मी तिथं नेतो.

१८७३ मध्ये याच गावात हॅन्सेन नावाच्या डॉक्टरनं या रोगाचा जंतू पाहिला. त्याआधी इथले मोठे डॉक्टरही हा आनुवंशिक रोग मानत, म्हणजे पूर्वजन्म नाही तर पूर्वज. हॅन्सेनला आपलं म्हणणं सिद्ध करायची इतकी घाई झाली की १८७९ मध्ये त्यानं एका बाईच्या डोळ्यात तिला न विचारता दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. तिनं तक्रार केली. १८८० मध्ये खटला झाला आणि त्याला रुग्णालयातली जागा सोडावी लागली. आजार बाजूला ठेवा, पण त्या काळात रुग्णालयातल्या एका बाईनं डॉक्टरला कोर्टात हरवलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

काळा_कोट

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर आपलंही बघा. १८९८ चा 'लेपर्स अ‍ॅक्ट' आपल्या पुस्तकात २०१६ पर्यंत होता. हिंदू विवाह कायद्यासकट पाच वैयक्तिक कायद्यांत जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं, विभक्त होण्याचं किंवा तत्सम कारण होतं, ते २०१९ मध्ये काढलं. तीन औषधांची पद्धत आल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी. ओडिशातल्या एका नगरसेवकाचं पद कुष्ठरोगामुळं गेलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ती तरतूद वैधच ठरवली.

वेलदोडाताई, कायद्यानं सासूच्या आजाराबद्दल सुनेच्या माहेरी सांगायचं बंधन नाही. आणि महत्त्वाचं, हा आजार आत्यांचा आहे. त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणी तो सांगत फिरू नये. इतक्या प्रतिसादांत आत्यांना काय वाटतं हे कोणी विचारलंच नाही, मीही आत्ता विचारतोय.

निनावी_पाखरू

काळा_कोट यांना +१००.

माझा टीबी असाच फुटला. पोषणासाठी सरकार खात्यात पैसे टाकतं, तेव्हा महिना ५०० होते, आता १००० झालेत. माझ्या खात्याला दिराचा मोबाईल नंबर जोडलेला. पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर, आणि त्यानं जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, वहिनी, हे कशाचे पैसे? चमचा तोंडात होता माझ्या. त्या रात्रीपासून माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर. कोर्स संपून दोन वर्षं झाली, दोरी तीच आहे. मी पण आता बदलत नाही.

टवाळखोर

कोविडमध्ये आमच्या सोसायटीनं आमच्या दारावर स्टिकर लावला होता. चौदा दिवसांनी मी तो काढायला गेलो तर अर्धाच निघाला. नवीन भाडेकरू विचारतात, हे काय आहे? मी सांगतो, राष्ट्रपती पदक.

(पाखरू, दोरी कापा हो. खरंच सांगतोय, यात विनोद नाही.)

कोकणी_मेवा

एक वेगळी बाजू मांडते, मारायला धावू नका. माझ्या मावशीला अंगावर चट्टे आले तेव्हा ती आधी भगताकडं गेली. तांदूळ टाकले, नारळ फिरवला, अमक्या पिंपळाखालून गेलीस म्हणाला. औषधाच्या दृष्टीनं शून्य, मान्य. पण तो तिच्याशी दोन तास बोलला, हात हातात घेऊन. सरकारी दवाखान्यात तिला टेबलाच्या पलीकडं उभं करून दोन मिनिटांत चिठ्ठी दिली. मावशी म्हणायची, "भगतानं शिवलं तरी."

साधा_डॉक्टर

मारत नाही. लागलं मात्र. त्या पिंपळाच्या नादात तिचे किती महिने गेले?

कोकणी_मेवा

दीड वर्ष. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली.

साधा_डॉक्टर

हेच तर. २०१३ मध्ये, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर, आपल्याकडं जादूटोण्याविरोधी कायदा आला. अघोरी उपचार करणाऱ्या, दवाखान्यात जाण्यापासून अडवणाऱ्या भोंदूला तो पकडू शकतो. दोन मिनिटांत चिठ्ठी देणाऱ्याला कुठला कायदा पकडणार? आता ओपीडीत मी एक करतो. चट्टा तपासताना हातमोजा घालत नाही, आणि नाव सांगताना रुग्णाच्या मनगटावर हात ठेवतो. विज्ञान यात काही नाही. भगताकडून उचललं म्हणा.

खवचट_आजोबा

डॉक्टर, हे आवडलं. चुकून बरोबर बोललात.

टवाळखोर

आजोबांनी कौतुक केलं! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

वेलदोडा

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. लग्नघर आहे.

काळा_कोट यांचं ऐकून आत्यांना विचारलं. दुपारी दोघीच होतो, शेंगा फोडत. म्हटलं, आत्या, मुलीकडं सांगायचं का? बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या चुलतीला असंच झाल्तं. गोठ्यात ठिवली व्हती. आमी पोरं लांबनं भाकरी टाकायचो." शेंगा फोडतच राहिल्या. "मी बी टाकलीय."

म्हणजे तो कप कुणी सांगून वेगळा झाला नव्हता. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच झाला होता.

मग म्हणाल्या, धाकट्याला तू सांग, पोरीला तो सांगंल, तिच्या आईबापाला नको. दिराला सांगितलं. तो आधी माझ्यावरच चिडला, की मला सगळ्यात शेवटी का. (नवी_सून, तुमची आठवण झाली.) तपासणी झाली, त्याच्या अंगावर काही नाही, सगळ्यांनी गोळी घेतली. त्यानं मुलीला फोनवर नाही, साताऱ्याला जाऊन भेटून सांगितलं. ती पुण्यात नोकरी करते. तिनं नेटवर वाचलं, दोन दिवस काही बोलली नाही, मग म्हणाली मला आईला सांगावं लागेल. सांगितलं. आईनं चार प्रश्न विचारले आणि डॉक्टरांचा कागद मागितला. नवऱ्याला राग आला. मला नाही आला. कागद दिला. लग्न ठरल्या तारखेला आहे, पण त्यांच्याकडची आत्या आणि काका "तब्येतीमुळं" येणार नाहीत असा निरोप आलाय. कुणाच्या तब्येतीमुळं ते सांगितलं नाही.

आत्या अजून पडवीतच झोपतात. पण परवा माझा मुलगा जाऊन त्यांच्या कपात दूध पिऊन आला. त्या बघत होत्या, ओरडल्या नाहीत.

खवचट_आजोबा

पोरगी धीट आहे. माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेत नाही, पण या धाग्यावर तो चुकीचा ठरला एवढं लिहून ठेवतो. आज रविवार. बहिणीला फोन करतो.

निनावी_पाखरू

दोरी काढली. सगळे टॉवेल गच्चीवर एकाच तारेवर. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त स्वतःचा टॉवेल दोन चिमटे सरकवून लावला. चालेल.

वेलदोडा

पाखरू ❤

एक कामाचं विचारायचं राहिलं. लग्नात आत्यांना स्वयंपाकात बसायचंच आहे, ऐकत नाहीत. करंगळीच्या बाजूला अजून चटका कळत नाही. काय करावं?

चट्टेवाला

फडक्यानं तवा धरू देऊ नका, फडकं ओलं झालं की वाफेनं भाजतं आणि त्यांना समजणार नाही. लांब दांड्याची सांडशी घ्या, दांड्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, दोन पदर. चहाच्या पेल्याला लाकडी मूठ बसवून मिळते, नाहीतर कान असलेला जाड कप द्या. चूल त्यांच्या डाव्या हाताला येईल असं बसवा म्हणजे उजवा हात जाळाच्या बाजूला येणार नाही. आणि रात्री झोपताना हातपाय रोज उजेडात बघायचे, खोबरेल लावायचं. त्यांना स्वतःला तळपाय दिसत नसतील तर नातवाला सांगा, त्याची नजर चांगली असेल.

वेलदोडा

ट्यूब मिळाली. दिराची जुनी सायकल माळ्यावर होती.